गाठ एंगेज आहे

सरकीचा ढीग आणि किस्स्यांचा ढीग, जिनिंगमध्ये हे दोन्ही कोणी मुद्दाम लावत नाही. कापूस आत जातो, रुई एकीकडे निघते, सरकी दुसरीकडे पडत राहते आणि हंगाम संपला की डोळे उघडतात, बापरे, एवढी साचली! किस्स्यांचंही तसंच. फरक एवढाच की सरकी तेलवाले उचलून नेतात. किस्से आमच्याच माथी.

मी आर्वीच्या बाहेर एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाची भरली बंडी, म्हणजे बैलगाडी, मोजायची, माल उतरला की तीच बंडी रिकामी मोजायची, वजाबाकी करायची, पावती फाडायची. जन्मभर हेच केलं. सगळे मला काटेबाबू म्हणायचे. चार दोस्त जमले की आजही फर्माईश होते, "काटेबाबू, ते गजाभाऊच्या मोबाईलचं होऊन जाऊ द्या!" तर ऐका. पण मधे बोलायचं नाही. मधे बोललं की माझं वजन चुकतं.

*

गजाभाऊ नाखले आमचा फिटर. मशीन कोणतीही असो, तिच्या पोटावर हात ठेवून सांगायचा, "हिचा बेल्ट सैल झाला." शंभर टक्के खरं निघायचं. माणूस एकदम सरळ, कमी बोलणारा. पंधरा वर्षांच्या संसारात बायकोशी पंधरा वाक्यं बोलला असेल, त्यातली दहा "भाजीत मीठ कमी हाय" ही. असा माणूस एका जाहिरातीने पिसाटला!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आर्वीत टॉवर नुकता उभा राहिला होता. पेपरात पानभर जाहिरात आली, नवीन मोबाईल, टॉर्चवाला! गजाभाऊने ती कापली आणि प्रेसच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी चिकटवली. संध्याकाळी देवाला अगरबत्ती ओवाळायचा, तोच हात पुढे सरकवून मोबाईललाही ओवाळायचा.

रुईच्या दाबून बांधलेल्या गाठींवर छाप मारणारा धनराज एकदा म्हणाला, "गजाभाऊ, फोनले टॉर्च कायले लागते?"

"अबे, अंधारात फोन आला तर दिसला पाह्यजे ना!"

"अंधारात फोन आला तर तो कानाले लावायचा का डोयाले?"

गजाभाऊ आठ दिवस धनराजशी बोलला नाही. म्हणजे नेहमीसारखाच राहिला, पण या वेळी रागाने.

*

आता घोळ कुठे झाला ते सांगतो. नागपूरच्या दुकानात तो मोबाईल ज्या दिवशी पहिल्यांदा विक्रीला येणार होता, नेमकी त्याच दिवशी हिंगणीला गजाभाऊच्या साळ्याची वास्तुपूजा! कुसुमवहिनी आदल्या दिवशीच माहेरी गेलेल्या. जाताना दहा वेळा बजावून गेल्या, "जावयाचा पाट मांडणार हाये. वेळेवर येजा."

गजाभाऊ सकाळी निघाला. पण हिंगणीच्या नाही, नागपूरच्या बसने!

तिकडे पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आहेराचा दुपट्टा-टोपी ताटात ठेवली. जावई नाही. बारा वाजले, एक वाजला. पंगत खोळंबली. शेवटी भटजींनी पाटावर नारळ ठेवला. सासऱ्याने नारळालाच टोपी घातली, दुपट्टा गुंडाळला, कुंकू लावलं आणि म्हणाले, "हा तरी गुमान बसते!"

संध्याकाळी गजाभाऊ पोहोचला. हातात पेढे आणि मोबाईलचा डबा. अंगणात सगळे पाहुणे. कुसुमवहिनींनी पेढ्यांकडे पाहिलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी घरी येत नाई. या फोनसाठी मले चार लोकांत खाली पाहायले लावलं ना? मंग याच फोनवर मी तुमाले फोन करीन. मनात येईन त्या दिवशी. एकच डाव! तुमी उचलला तर येईन. नाई उचलला तर त्याच्यासंगंच संसार करा!"

गजाभाऊने नंबर लिहून दिला आणि परत आला. त्या दिवसापासून त्याचा जीव त्या डबीत. हसू नका. माणूस खरोखर वाळत चालला होता.

*

पण फोनचं कौतुक? ते काही कमी झालं नव्हतं हां! दुःख एका जागी, मोबाईल दुसऱ्या जागी.

"काटेबाबू, याच्यात असं हाय, कोणतंही बटन दाबा, फोन उचलल्या जाते!" मग प्रात्यक्षिक. मी ऑफिसच्या फोनवरून लावायचा. तो माझ्या खिडकीबाहेर, चार हातांवर. एकदा कोपराने उचलला, एकदा हनुवटीने, एकदा चक्क नाकाने.

"हॅलो काटेबाबू, मी गजानन बोलून राह्यलो!"

"दिसून राह्यला!" मी ओरडलो.

दुसरं कौतुक थरथरीचं. जिनच्या खडखडाटात घंटी ऐकू येत नाही, म्हणून घंटी बंद करून तो फोन कायम थरथरीवर ठेवायचा. टेबलावर असला आणि फोन आला की खेकड्यासारखा तिरपा चालायला लागायचा. एकदा माझ्या पावतीपुस्तकावरून चालत चालत चहाच्या कपापर्यंत गेला. गजाभाऊ कमरेवर हात ठेवून बघत होता. पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकराकडे बाप बघतो तसा.

"उचल ना बे! वहिनीचा असंन!" मी म्हटलं.

"नाई, धनराजले लावायले सांगतलं होतं. तुमाले दाखवायसाठी."

*

मोबाईल होता, पण रेंज कुठे होती? आख्ख्या जिनिंगमध्ये दोनच ठिकाणी काड्या टिकायच्या. एक, प्रेसच्या पेटीवरच्या लोखंडी पट्टीवर. आणि दुसरं, बरोब्बर माझ्या काट्यावर, प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्यात!

झालं. हातातलं काम संपलं की गजाभाऊ काट्यावर. मी आत खिडकीत, मला फक्त आकडा दिसतो. भरली बंडी यायची, वजन व्हायचं. माल उतरून रिकामी बंडी येईपर्यंत गजाभाऊला कोणीतरी आत बोलावलेलं असायचं. म्हणजे भरल्या बंडीत गजाभाऊ धरलेला, रिकाम्या बंडीत वगळलेला. प्रत्येक कास्तकाराला बासष्ट किलो गजाभाऊ कापसाच्या भावात!

दुपारपर्यंत सतरा बंड्या गेल्या. एकानेही तोंड उघडलं नाही. उलट "काटेबाबू, तुमचा काटा लय इमानदार हाय," म्हणून एक जण माझ्या पाया पडून गेला. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांची नोकरी फळाला आली!

अठराव्या बंडीच्या वेळी उलटं झालं. भरली मोजताना गजाभाऊ आत आणि रिकामी मोजताना काट्यावर. तो कास्तकार असा ओरडला की जिन थांबले. "लुटलं हो! या माणसासकट बंडी मोजली!"

शेठजी धावत आले. त्यांचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं आमचं. "काटेबाबू, ये क्या तमाशा हाय?" मग मागच्या सतरा बंड्यांचा उलगडा झाला आणि शेठजी खुर्चीवर बसले. बासष्टला सतराने गुणत बसले. बोलणी मात्र कोणी खाल्ली? मी! दुसऱ्या दिवशी काट्याशेजारी पाटी लागली, "काट्यावर मोबाईल घेऊन उभे राहू नये." सतरा कास्तकार ती पाटी वाचून फार हळहळले.

*

मशीनचं तेल, रुईचा उडणारा भुगा, यापासून फोन जपायचा कसा? गजाभाऊने फोन जेवणाच्या डब्यात ठेवला. वरचा कप्पा फोनचा, खालच्यात भाकर आणि मिरचीचा ठेचा. डबा घट्ट. पण त्या दिवशी मधली ताटली घरी विसरला.

आम्ही सगळे काट्याशेजारी जेवायला बसलेलो. डबा थरथरायला लागला! गजाभाऊने झाकण उडवलं, ठेच्यात हात घातला आणि फोन तसाच कानाला! आधी डोळ्यांतून पाणी आलं, मग "हॅलो, कुसुम?" निघालं.

पलीकडे कंपनीची बाई. तीच ती टेपवर भरलेली, नव्या योजनेची माहिती देणारी. "एक दाबा, दोन दाबा." गजाभाऊ उभा राहून ऐकतोय, कान लाल, डोळे लाल. तिने एक म्हटलं की एक दाबतोय, दोन म्हटलं की दोन. फोन संपल्यावर म्हणाला, "कुसुमनं पाठवलेली बाई होती. परीक्षा घेऊन राह्यली होती. सारे बटन बरोबर दाबले मी."



*

तीन आठवडे झाले, फोन नाही. शेवटी त्यालाच राहवेना. एक दिवस सुटी टाकून बस पकडली आणि हिंगणी गाठली. बोर धरणाकडचं गाव. तेव्हा तिथे रेंजचा पत्ता नव्हता, फोन करायचा तर एसटीडी बूथवरून.

कुसुमवहिनी ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काऊन आले?"

"कधी करतेस फोन, ते विचाराले आलो."

"आज चार वाजता करणार होती."

गजाभाऊने खिशातून फोन काढला. काड्या शून्य!

"आता तुमी इथं, मंग तिथं उचलन कोण?" वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या. पठ्ठ्या पाणीही न पिता आल्या बसने पळत सुटला. साडेपाचला काट्यावर उभा. पाटी असूनही! शेठजींनीही त्या दिवशी कानाडोळा केला.

*

मग त्याने ठरवलं की नंबर साऱ्या मुलुखाला माहीत पाहिजे, न जाणो तिच्याकडची चिठ्ठी हरवली असली तर! गाठींवर नंबर छापायला आमच्याकडे पत्र्याचे छाप असतात. पत्रा ठेवायचा, वरून शाईचा बोळा फिरवायचा. गजाभाऊने आपल्या नंबराचा तसाच पत्रा कापला, स्वतःच्या सायकलच्या मागच्या फळीवर छापला आणि पत्रा धनराजच्या टेबलावर विसरून गेला.

धनराजने दुसऱ्या दिवशी तो उचलला आणि बावीस गाठींवर गजाभाऊचा नंबर! ट्रक कोइमतूरच्या सूतगिरणीकडे निघूनही गेला.

आठवड्याने गजाभाऊचा फोन थरथरला. तो धावतच बाहेर आला. "कुसुम!" पलीकडे कोणी तमिळ माणूस. याला त्याचं कळेना, त्याला याचं कळेना. तो गाठींचं विचारतोय, हा सांगतोय, "कुसुम माहेरी हाय." असे तीन फोन आले. तिन्ही वेळा गजाभाऊचा चेहरा उजळला आणि विझला. शेवटच्या वेळी तो खालीच बसला.

मी धनराजला धरलं. "अबे, दहा आकडी नंबर असते का गाठीचा?"

"नंबर म्हणजे नंबर!" धनराज म्हणाला. "मले काय मालूम हा बोलणारा हाय म्हणून!"

*

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज जरा खाली जाईल, कारण यात गुन्हेगार मी आहे. गजाभाऊला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

प्रेसचं तेल गळत होतं. गजाभाऊ खाली वाकून पाना फिरवत होता आणि फोन वरच्या त्या लोखंडी पट्टीवर ठेवलेला, कारण तिथे रेंज. पट्टीखाली पेटी. पेटीत रुई पडते, माणसं तुडवतात, मग प्रेस दाबतो आणि पावणेदोनशे किलोची गाठ बांधून बाहेर येते.

त्याच वेळी ऑफिसात चहा आला. म्हटलं, बोलवावं गजाभाऊला. हाक मारायची सोडून मी काय केलं? फोन लावला! दोनदा वाजला, उचलला नाही. मी चहा पिऊन टाकला.

अर्ध्या तासाने गजाभाऊ आला तो पांढराफटक. "काटेबाबू, फोन नाई!"

माझ्या डोळ्यांसमोर तो खेकडा तिरपा चालत पट्टीच्या टोकाला गेला. बोललो मात्र नाही. अर्ध्या तासात चार गाठी निघून अंगणात काट्याजवळच्या थप्पीत गेल्या होत्या. थप्पी चाळीस गाठींची, अजून छाप मारलेला नाही. कोणती कोणती, देवाला माहीत!

गजाभाऊ शेठजींसमोर उभा राहिला. हात जोडले. "शेठजी, आज कुसुमचा फोन आला तर माह्या संसार गेला."

शेठजी कडक माणूस. हंगामात कोणी मेलं तरी जिन बंद करणार नाहीत असा. पण त्यांनी गजाभाऊकडे पाहिलं आणि म्हणाले, "मशीन बंद करो. दस मिनट. एक गाठ खोलने देतो तुले. कोणती, ते तू सांग."

जिन थांबले. इतकं शांत की रस्त्यावरची सायकल ऐकू यावी. घंटी बंद, थरथर तेवढी कळणार. म्हणून सगळे, मजूर, बाया, हमाल, बंड्या घेऊन आलेले कास्तकार, गाठींना गाल लावून उभे राहिले. शेठजींनीही टोपी काढून एका गाठीला कान लावला. धनराज ओरडला, "लावा काटेबाबू!"

मी नंबर फिरवला. ऐकलं. पुन्हा फिरवला. खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं?"

"एंगेज आहे!"

"काय एंगेज हाय?"

"गाठ!"

कोणाला समजेना. आत दाबलेल्या रुईने कोणतं तरी बटन दाबलं होतं आणि कोणीतरी त्या गाठीशी बोलत होतं! गजाभाऊला मात्र तत्काळ कळलं. "कुसुम!" म्हणून तो थप्पीवर तुटून पडला. कोणत्या गाठीत ते माहीत नाही, म्हणून सगळ्यांशीच बोलायला लागला. या गाठीला मिठी मार, त्या गाठीला तोंड लाव. "कुसुम, चुकलं माह्यं! पाटावर बसाले पाह्यजे होतं! मले वाटलं, फोन घेऊन आलो का तू खुश होशीन. तू गेली तवापासून घरात दिवा लावावा वाटत नाई. भाजीले मीठ बरोबर असते तुह्या, मी उगाच बोलतो! फोनात टॉर्च हाय पण मले काहीच दिसून नाई राह्यलं, कुसुम!"

बाया पदर डोळ्याला लावून उभ्या. मीही रिसीव्हर कानाला लावून रडत होतो. एंगेजचा आवाज चालूच. वीस मिनिटांनी तो थांबला. पुन्हा लावला तर "संपर्क क्षेत्राच्या बाहेर."

कोणती गाठ, ते काही सांगता आलं नाही. शेठजींनी डोळे पुसले, टोपी घातली आणि जिन सुरू केले. सकाळी चाळीसही गाठी ट्रकवर चढल्या आणि कारंजा घाडग्याच्या रस्त्याला लागल्या.

दहाच्या बसने फाटकाशी कुसुमवहिनी उतरल्या. हातात पिशवी, मागे ट्रंक.  गजाभाऊच्या हातातला पाना खाली पडला.

मला राहवलं नाही. "वहिनी, काल फोन लागला होता?"

"लागला म्हणजे! पहिल्या घंटीलेच उचलला!" वहिनी म्हणाल्या. "आधी काहीच बोलले नाई. मी म्हटलं, बसा असेच, मी बी ठेवत नाई. मंग जे सुरू झाले, जे सुरू झाले! पंधरा वर्षात हा माणूस एवढा कधी बोलला नाई. आवाज तेवढा गादीखालून येऊन राह्यल्यावाणी होता." मग गजाभाऊकडे वळल्या. "दाखवा बरं एकडाव, कुठं हाय तो तुमचा मोबाईल?"

गजाभाऊने रस्त्याकडे हात केला. "धाडला."

"कुठं?"

"कोइमतूरले."

"काऊन?"

"तू आली ना. आता मले कोणाचा फोन याचा राह्यला?"